पोर्टल नवे, ‘ऱ’चा घोळ जुनाच

संपादक महोदय,

सरकारी खात्यांच्या नव्या पोर्टलची चर्चा लॉगिन आणि अ‍ॅपपाशी थांबते. आतला मराठी मजकूर कसा साठवला जातो, हे कोणी विचारत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संगणकीय पद्धतीत, १९९१ पासून आहे; ई-गव्हर्नन्ससाठी केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण २०१०चे. तरी निविदेत ‘युनिकोड सपोर्ट असावा’ एवढीच ओळ असते, आणि ती पुरत नाही.

‘कऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ टाइप करून पाहा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक यू+०९३१) येते. काही फोनेटिक (उच्चारानुसार टाइप करायचे) कळफलक तिथे साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. तिसरा प्रकार ‘र’खाली नुक्ता, म्हणजे टिंब. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण संगणकाला ते तीन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (एनएफसी) पहिला आणि तिसरा एक होतात, जोडचिन्हाचा मात्र तसाच राहतो. त्यासाठी नोंद साठवतानाच वेगळा नियम चालवावा लागतो. तो नसला की अर्जदाराला ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते आणि तो बिचारा स्वतःचेच स्पेलिंग तपासत बसतो.

गावांचे तेच. एका यादीत ‘बुद्रुक’, दुसरीत ‘बु.’, तिसरीत ‘बु॥’. नावावरून याद्या जुळवायच्याच कशाला? पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. सगळ्या खात्यांनी तो साठवावा, नाव फक्त दाखवण्यापुरते. तालुक्याचे विभाजन होते तेव्हा जुनी नोंद कुठे धरायची हे कळावे म्हणून बदलाची तारीखही सोबत हवी.

पीडीएफची परीक्षा तर मिनिटाची आहे: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फॉण्ट जुन्या पद्धतीचा, म्हणजे मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेला. मराठीच दिसली पण पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटली, तर पीडीएफ बनवताना अक्षरांचा क्रम बिघडला आहे. दोन्ही फायली शोधाच्या दृष्टीने निरुपयोगी.

‘ऱ’चे तिन्ही प्रकार भरून एकाच शोधात तिन्ही नोंदी मिळतात का, एवढे पाहायला अर्धा तास पुरे. ही चाचणी निविदेच्या स्वीकृती-अटींतच हवी. नंतर सुचवली, तर कंत्राटदार तिला ‘अतिरिक्त काम’ म्हणतो आणि वेगळे बिल लावतो.

— एक वाचक