केसपेपरच्या खिडकीतून आरोग्यमंत्र्यांना

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातल्या सरकारी रुग्णालयांची माहिती क्लाउडवर नेण्याबाबत

महोदय,

मी चिपळूणचा. एका रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीत बसून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. सॉफ्टवेअर कसं लिहितात ते मला कळत नाही. ते बंद पडल्यावर खिडकीसमोरची रांग कशी वागते, ते मात्र तोंडपाठ आहे.

२२ जुलै २०२१ चा पूर ओसरल्यावर आम्ही रेकॉर्ड रूम उघडायला गेलो, तर दार हलेना. आतले गठ्ठे पाण्याने फुगून दाराला टेकले होते. खांदा लावून उघडलं. रजिस्टरांची पानं चिकटून विटा झालेल्या. टेबलाखालचा सर्व्हर उचलला, तर त्यातून वाशिष्ठी नदीचा गाळ सांडला. बॅकअप होता हो, पण त्याची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात! जे केसपेपर हाती लागले ते व्हरांड्यात दोऱ्या बांधून टांगले. पावसाळी हवेत ते वाळले नाहीत, चौथ्या दिवशी बुरशी धरली. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. एक म्हातारे गृहस्थ विचारायला आले, "माझं इन्सुलिन किती होतं, तेवढं बघून सांगा." त्यांना काय सांगणार?

म्हणून क्लाउडला, म्हणजे माहिती दूरच्या सर्व्हरवर ठेवून नेटवरून वापरण्याला, माझा विरोध नाही, उलट उशीर झाला म्हणतो. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची मोठी डेटा सेंटर पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर आणि दिल्लीला आहेत. वाशिष्ठी तिथवर जात नाही. आणि आमचे रुग्ण तरी एका जागी कुठे असतात? चाकरमानी मुलगा आईला परळला दाखवतो, गणपतीत ती गावी येते, रात्री छातीत दुखायला लागतं आणि कागद राहिलेले असतात मुंबईच्या खोलीत. सावंतवाडीकडचे लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. कोकणात रुग्णाचं रेकॉर्ड म्हणजे खरं तर एक प्लास्टिकची पिशवी. आभा या सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी नंबर त्या पिशवीची जागा घेणार असेल तर उत्तमच. नोंदींची किंमतही आम्हाला ठाऊक आहे. महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्यांच्या बारीक नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार त्यातूनच उभा राहिला.

माझी भीती वेगळी आहे. मुंबईत बसून ठरवणाऱ्यांना नेटची लाईन म्हणजे चोवीस तास असणारी गोष्ट वाटते. आमच्याकडे हायवेच्या कामात जेसीबीने केबल तोडली की दिवस गेला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा दिवशी पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि खिडकीबाहेर फुरसं चावलेल्या माणसाला धरून चारजण उभे असतात. त्यांना "सर्व्हर डाऊन आहे" कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेव्हा टेंडरमध्ये एक अट घाला. नेट गेलं तरी केसपेपर निघाला पाहिजे, वॉर्डातल्या रुग्णाची औषधं, रक्तगट आणि ॲलर्जी दिसली पाहिजे. त्यासाठी रुग्णालयातच, पण वरच्या मजल्यावर, बॅटरीवर चालणारा छोटा संगणक लागेल. चार दिवसांचं काम तो सांभाळेल आणि लाईन आली की नोंदी आपोआप क्लाउडवर पाठवेल. दुसरी लाईन वेगळ्या वाटेची असू द्या. एकाच खांबावरून आलेल्या दोन केबल म्हणजे एकच केबल.

लांब ठेवलेली माहिती म्हणजे सुरक्षित माहिती, असंही समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेत जवळपास दोन आठवडे हाताने कागद लिहावे लागले. आमच्याकडे तर हल्लेखोराची गरजही नाही. पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असतो, मीही चिकटवला होता. गाव लहान, आडनावं ओळखीची. कुणाचा टीबीचा किंवा एचआयव्हीचा रिपोर्ट कोणी उघडून पाहिला याची नोंद राहिली पाहिजे, आणि ती कुणीतरी तपासलीही पाहिजे. कंपनीचा करार संपला तर सगळी माहिती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी परत मिळावी, हे आजच लेखी घ्या.

राहता राहिली चाचणी. ती मंत्रालयात एसीत नको. जुलैत, मुसळधार पावसात, मंडणगडला घ्या. मला बोलवा, चालू कामात केबल मी स्वतः उपटतो.

आपला नम्र,
एक निवृत्त लिपिक, चिपळूण