टायर चमकवायला डिझेल नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडी धुतली की टायर काळेभोर दिसावेत म्हणून त्यावर डिझेलचा नाहीतर रॉकेलचा बोळा फिरवायची सवय अनेकांना आहे. ती मोडावी, म्हणून हे पत्र.

इंधनाच्या नळ्यांसाठी नायट्राइलसारखे तेलाला टिकणारे रबर वापरतात. टायरमध्ये असते ते नैसर्गिक रबर, शिवाय स्टायरिन-ब्युटाडाइन आणि पॉलिब्युटाडाइन ही कृत्रिम रबरे. हे तिन्ही पेट्रोल-डिझेल शोषून फुगतात, मऊ पडतात. पेट्रोल निदान लवकर उडून जाते. डिझेल रेंगाळते आणि आत मुरते. शिवाय टायरच्या बाजूवर तपकिरी छटा दिसते, ती नेहमी मळच असते असे नाही. हवेतल्या ओझोन वायूपासून रबराला वाचवणारे रसायन आतून हळूहळू वर येते, त्याची ती खूण असते. आपण घाण समजून इंधनाने पुसतो ते हे संरक्षण. मग बाजूला बारीक भेगा पडू लागतात.

टायरवर इंधन सांडलेच, तर लगेच भरपूर पाणी आणि सौम्य साबण घेऊन मऊ ब्रशने दोन-तीनदा धुवावे. डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर मुळीच वापरू नये. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पाहावे. रबर चिकट, मऊ किंवा सुजल्यासारखे लागले, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय गाडी वेगात पळवू नये. बाजूला फुगा आला असेल तर टायर बदलायचाच. त्याला दुरुस्ती नाही.

चाकाच्या आतल्या बाजूकडे आपण सहसा बघतच नाही. तिथे ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची किंवा अॅक्सलच्या सीलमधून झिरपणाऱ्या तेलाची असू शकते. अशा वेळी नुसता टायर पुसून भागत नाही. गळती आधी थांबवावी. ब्रेकच्या लायनरला तेल लागले असेल तर ते त्या अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.

टायर रिमवर चढवतानाही ग्रीस किंवा ऑइल लावू देऊ नका. ते वाळत नाही, जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग बिघडते. यासाठी टायर बसवायची साबणाची पेस्टच हवी. कड बसेना म्हणून आत पेट्रोल टाकून पेटवणे तर जिवावर बेतणारे आहे.

बाकी निगा सोपी आहे. हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी राहिल्यावर तपासावी. दाबाचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नव्हे. खाचेतली खूण उघडी पडली, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की टायर संपला. चकाकीच हवी असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग घ्यावे आणि तेही फक्त बाजूला लावावे, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर नाही.

काढून ठेवलेले टायर कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावेत. पेट्रोलचे डबे आणि पंप किंवा यंत्रांच्या चालू विजेच्या मोटर त्यांच्यापासून लांबच असाव्यात, कारण अशा मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

आपला,
एक वाचक