तालुक्याच्या जुन्या साप्ताहिकांची निदान यादी तरी करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी आमच्या जुन्या घराचा माळा आवरायला घेतला तर पत्र्याच्या पेटीत सुतळीने बांधलेला गठ्ठा निघाला. तालुक्याच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे १९७२ च्या दुष्काळातले अंक, कडा तपकिरी झालेल्या, घडीला हात लावला की तुकडा पडतो. घरचे म्हणाले रद्दीवाला दारात उभाय, देऊन टाक. मी म्हटलं जरा बघू, आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिलो.

कुठल्या गावच्या पाझर तलावावर मजुरांचा पगार थकला, सुकडी (दुष्काळात वाटायचे ते पौष्टिक खाणं) कुठे पोचली कुठे नाही, कुणाच्या विहिरीवर गावाने पाणी भरलं, आणि त्याच पानावर वाटणीच्या जाहीर नोटिसा, मॅट्रिकचा निकाल, यात्रेतल्या कुस्त्या. दुष्काळावर पुस्तकं आहेत, त्यात राज्याचे आकडे मिळतात, पण आमच्या शिवारातल्या बायका खडी फोडायला किती लांब चालत जात होत्या हे मला ह्या चार पानांत पहिल्यांदा वाचायला मिळालं.

आपल्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर) अशा पत्रांची जुनी परंपरा आहे. ज्ञानोदय १८४२ ला नगरहूनच सुरू झालं. आणि दीनमित्र तर खेड्यातून निघायचं! मुकुंदराव पाटलांनी १९१० ला ते सुरू केलं आणि नेवासा तालुक्यातल्या तरवडीत राहून १९६७ ला वारले तोपर्यंत चालवलं. सत्यशोधक चळवळीचं पत्र, शहराच्या आधाराशिवाय पन्नासहून जास्त वर्षं. आमच्या भागातल्या किती पोरांना हे माहिती आहे? मला स्वतःला शाळेत कुणी सांगितलं नाही, ह्याचं खरंच वाईट वाटतं.

गठ्ठा सापडल्यावर बाकीचे अंक मिळतात का म्हणून जवळच्या एका वाचनालयात गेलो. तिथे कळलं की जागा नाही म्हणून जुन्या फायली काही वर्षांपूर्वी काढून टाकल्या, काय काढलं त्याची नोंदसुद्धा नाही. पुस्तकांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायचा कायदा १९५४ चा आहे, १९५६ ला वर्तमानपत्रंही त्यात आली, पण चार पानी साप्ताहिकाचा प्रत्येक अंक कोलकात्याला पोचला असेल ह्या भरवशावर बसता येत नाही, आणि त्याआधीच्या अंकांचं काय?

स्कॅनिंग करा, डिजिटल करा असं सगळेच म्हणतात. माझं म्हणणं त्याच्या अगोदरचं आहे. आधी कुठला अंक कुणाकडे आहे ह्याची यादी करा, त्याला वही आणि पेन पुरतं. आणि ती तालुक्याच्या हद्दीत अडकवू नका, कारण अंक माणसांबरोबर फिरतात, लेकी दिल्या त्या गावी, बाजाराच्या गावी, वकिलांच्या जुन्या कपाटात. नेवाशाचं पत्र शेवगावला किंवा श्रीरामपूरला सापडेल, गोदावरीपलीकडे पैठणलाही सापडेल, जिथे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, तिकडची माणसं नदीच्या ह्या बाजूची पत्रं वाचत होती का हेही त्यातून कळेल.

ज्यांच्या घरी असे अंक असतील त्यांना हात जोडून विनंती, फाटलं म्हणून चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. घडी जोर लावून उघडू नका, खिडकीच्या उजेडात मोबाईलवर सरळ फोटो काढा आणि नाव, तारीख, अंक क्रमांक लिहून ठेवा, एवढं आज केलं तरी खूप आहे.

आपल्या पेपरने आठवड्यातून एकदा छोटा चौकोन ह्या यादीसाठी द्यावा. माझ्यापासून सुरुवात करा, १९७२ चे २३ अंक आहेत, मे आणि जूनचा एकही नाही. कुणाकडे असतील तर आपल्या पत्त्यावर कळवावं, मी घरी येऊन फोटो काढून नेईन, अंक मागणार नाही.

आपला,
नेवासा तालुक्यातील एक वाचक