काचमणी घडवणाऱ्यांची कारागीर म्हणून नोंद व्हावी : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हाताने काचेचे मणी घडवण्याच्या कामाची स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंद आणि राज्यात त्याच्या प्रशिक्षणाची सोय

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यात राहते आणि ज्योतीवर काच वितळवून मासे, पक्षी, कळ्या, कैऱ्या अशा आकारांचे शिल्पमणी घडवते व विकते. याच कामावर घर चालवणारे किंवा घराला हातभार लावणारे अनेक जण राज्यात आहेत. ते विखुरलेले आहेत आणि शासनाच्या कोणत्याही यादीत एकत्र सापडत नाहीत. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सोनार, कुंभार, लोहार, पाथरवट, मूर्तिकार, खेळणी बनवणारे, एवढेच काय, फुलांच्या माळा गुंफणारेही आहेत. काचेचे काम करणारा मात्र त्यांत नाही. योजना जाहीर करताना हे अठरा व्यवसाय पहिल्या टप्प्यातले आहेत असे सांगितले गेले होते. म्हणून पुढच्या टप्प्यात काचकामाचा समावेश व्हावा अशी शिफारस महाराष्ट्राने केंद्राकडे करावी, आणि तो निर्णय होईपर्यंत आपल्या खात्याच्या अधिकारात जे करता येईल ते सुरू करावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या कामात नक्की काय करावे लागते हे थोडे विस्ताराने सांगते, कारण आमच्या अडचणींचे मूळ ते ठाऊक नसण्यात आहे. पोलादाच्या बारीक सळईच्या टोकाला मातीचा पातळ लेप देऊन तो वाळवावा लागतो. हा लेप नसेल तर काच पोलादाला कायमची चिकटते आणि मणी सळईवरून निघत नाही. मग एका हातात ती सळई आणि दुसऱ्या हातात रंगीत काचेची कांडी धरून कांडीचे टोक ज्योतीत तापवायचे, आणि काच मधासारखी ओघळू लागली की ती सळईवर गुंडाळत जायची. सळई क्षणभरही थांबवता येत नाही; हात थांबला की मऊ काच एका बाजूला लोंबते. इथपर्यंत साधा गोल मणी होतो. शिल्पमण्याचे काम त्यानंतर सुरू होते. मासा करायचा असेल तर शेपटी चिमट्याने ओढत असताना डोक्याचा भाग गार पडू द्यायचा नसतो, कारण दोन भागांच्या तापमानातला फरक वाढला की इतका वेळ घडवलेला मणी ज्योतीजवळच तडकतो. खवले आणि डोळे काढण्यासाठी काचेचे केसाएवढे बारीक धागे आधी ओढून ठेवावे लागतात, आणि ते लावताना नेमका तेवढाच भाग तापवावा लागतो, नाहीतर आधी केलेली नक्षी वितळून सपाट होते. तापलेल्या काचेतील सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होऊन आतले काही दिसेनासे होते, म्हणून ती पिवळी छटा गाळणारा खास चष्मा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचा भाग गिऱ्हाइकाला दिसतच नाही. घडवलेला मणी छोट्या विजेच्या भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला काही काळ ठेवून मग कित्येक तास सावकाश गार करावा लागतो. तसे न करता हवेत गार केलेला मणी विकताना सुंदर दिसतो, पण त्याच्या आत ताण अडकून राहतो आणि एखाद्या दिवशी तो गळ्यातच दुभंगतो. दोन वेगवेगळ्या काचा जोडतानाही तोच धोका असतो. प्रयोगशाळेतल्या भांड्यांसाठी वापरतात ती बोरोसिलिकेट काच आम्ही वापरतो त्या मऊ काचेच्या जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावते. या दोन्ही काचा एका मण्यात आल्या की तो टिकत नाही. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या एका घरात चालत आले असेल तर आपोआप मिळते. ज्यांना ते घरातून मिळालेले नाही त्यांनी ते कुठे घ्यावे, याचे उत्तर आज आपल्या राज्यात नाही.

ही मागणी परक्या हौसेपोटी होत आहे असे कोणाला वाटू नये. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आणि नेवाशाच्या उत्खननांत प्राचीन काळचे काचमणी मिळाले आहेत, आणि तेरच्या वस्तुसंग्रहालयात मण्यांचा संग्रह आजही पाहायला मिळतो. आपल्या घरांत मंगळसूत्राची काळी पोत आणि लहान मुलांच्या मनगटावरचे दृष्टमणी बहुतेक करून काचेचेच असतात. तरीही मणी वापरणारे राज्य म्हणून आपण मोठे आहोत आणि घडवणारे म्हणून फार लहान. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगरमध्ये मणी घडवणे हा घरोघरीचा धंदा आहे, वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आंध्र प्रदेशात पापानायडूपेट येथे काचेची लांब नळी ओढून तिचे मणी करण्याची फार जुनी पद्धत होती. बाहेरच्या जगाने या कामाची किंमत ओळखली आहे : इटली आणि फ्रान्स यांनी मिळून मांडलेल्या काचमण्यांच्या कलेचा समावेश युनेस्कोने २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, आणि ज्योतीवर मणी घडवण्याचे, म्हणजे मी रोज करते तेच काम त्या कलेच्या केंद्रस्थानी आहे.

शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राने एकदा जे करून दाखवले त्याची मला या ठिकाणी आठवण करून द्यावीशी वाटते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे त्या पैशातून काचेचा कारखाना निघाला. काचसामान तयार करण्याइतकाच काचकामाचे कारागीर तयार करणे हाही त्याचा हेतू होता, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेली. ज्या राज्यात कराडजवळ ओगलेवाडीच्या काचकारखान्यात प्रभाकर कंदील तयार झाला, त्याच राज्यात आज एखाद्या मुलीला ज्योतीवर काच घडवायला शिकायचे असेल तर तिला परदेशी शिक्षकांच्या चित्रफिती पाहून स्वतःच धडपडावे लागते. हे कारखाने मण्यांचे नव्हते हे मी जाणते. पण काचकाम शिकवण्यासाठी समाजाने पैसा खर्च करावा हा विचार या भूमीत शंभर वर्षांहून जुना आहे.

घरच्या घरी शिकण्यात आणि काम करण्यात धोकेही आहेत. ज्योतीसाठी स्वयंपाकाचाच गॅस लागतो, पण घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यामुळे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. काचेला पुरेशी प्रखर ज्योत हवी असेल तर ऑक्सिजन लागतो. सदनिकेच्या बाल्कनीत ही दोन्ही साधने ठेवणे शेजाऱ्यांना पसंत नसते आणि त्यांची भीती अनाठायी नाही. धूर आणि वाफा बाहेर ओढून नेणारा पंखा, जळणार नाही असे टेबल, गॅस उलटा जाऊ न देणारी झडप, भट्टीचा तापमान नियंत्रक, हे सगळे एकेकट्याने घेणे नवशिक्याला झेपत नाही, आणि मग तो यातले काहीतरी वगळून काम करतो. माझ्या ओळखीत ज्यांनी ही कला सोडली त्यांतल्या बहुतेकांनी ती याच टप्प्यावर सोडली. समूह विकासाच्या योजनांतून सामाईक सुविधा केंद्रे मिळतात, पण त्या योजना एका परिसरात एकवटलेल्या उद्योगांसाठी आखलेल्या आहेत आणि आमच्यासारख्या विखुरलेल्या माणसांना त्या लागू पडत नाहीत. पुण्यात किंवा नाशकात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या एका खोलीत दहा ज्योती आणि दोन भट्ट्या असलेली कार्यशाळा उभी राहिली, आणि शिकून झालेल्यांना भाडे देऊन तिथेच काम करता आले, तर फार मोठा प्रश्न सुटेल.

आता विक्रीविषयी. एका कार्यालयात कर्जाच्या अर्जावर माझा व्यवसाय लिहिण्यासाठी योग्य रकाना सापडेना, तेव्हा तो ‘कृत्रिम दागिने’ या सदरात टाकला गेला. यात त्या कर्मचाऱ्याचा दोष नाही, कारण वरपासून खालपर्यंत कुठेच वेगळी नोंद नाही. सीमाशुल्क आणि वस्तू व सेवा कर यांच्या वर्गीकरणात काचेचे मणी ७०१८ या शीर्षाखाली येतात, आणि त्याच शीर्षाखाली नकली मोती, नकली रत्ने आणि रस्त्यावरच्या पट्ट्या चमकाव्यात म्हणून रंगात मिसळतात त्या काचेच्या सूक्ष्म गोळ्याही येतात. साच्यात दाबून हजारोंनी काढलेला मणी आणि एका माणसाने तासभर ज्योतीसमोर बसून घडवलेला मणी यांत या वर्गीकरणाला काहीच फरक दिसत नाही. प्रदर्शनातही माझ्या शेजारी आयात केलेल्या मण्यांच्या माळा मांडलेल्या असतात, आणि त्यांच्यावरही ‘हस्तनिर्मित’ अशी पाटी असते. ग्राहकाने कशावर विश्वास ठेवावा? हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून हॅण्डलूम मार्क आहे, आणि त्यामुळे यंत्रमागाच्या साडीपेक्षा हातमागाची साडी महाग का, हे विणकराला प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागत नाही. आमच्यासाठी राज्याने तशी एखादी साधी खूण सुरू करावी. तिची तपासणी अवघड नाही. पारदर्शक मण्यात ताण अडकला आहे का, हे प्रकाशाचे ध्रुवीकरण करणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये मणी धरला की दिसते, आणि भोकाच्या कडा व आतली माती पाहून तो सळईवर गुंडाळला की साच्यात दाबला हे जाणकाराला लगेच ओळखता येते. अशी खूण असलेले मणी कारागिराच्या नावासह महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने आपल्या हस्तकला विक्रीत ठेवावेत.

ऑनलाइन विक्रीची एक अडचण आपल्या थेट अखत्यारीत नाही, पण जीएसटी परिषदेत राज्याचा आवाज असतो म्हणून मांडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय विक्री संकेतस्थळांवर माल विकता येतो, मात्र तो स्वतःच्या राज्यापुरताच. शिल्पमण्यांचे चाहते थोडे असतात आणि देशभर पसरलेले असतात. बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाला अशा संकेतस्थळावरून एक मणी विकायचा झाला तरी आमच्यासारख्यांना नोंदणी, मासिक किंवा तिमाही विवरणपत्रे आणि हिशेबनिसाचा खर्च अंगावर घ्यावा लागतो. हस्तकलेच्या वस्तूंपुरती ही राज्याच्या सीमेची अट शिथिल व्हावी, असा प्रस्ताव महाराष्ट्राने मांडावा.

विश्वकर्मा योजनेत नाव येण्याने प्रत्यक्ष काय मिळेल, हेही सांगते. साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. त्यातून चांगला चष्मा, ज्योतीचे यंत्र, झडपा आणि चिमटे येतील, भट्टी येणार नाही. भट्टीसाठी त्याच योजनेतील तारणाशिवायच्या कर्जाचा पहिला एक लाखाचा हप्ता पुरेल, आणि पाच टक्के व्याज मणी विकून फेडता येण्याजोगे आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण मात्र या कामाला अपुरे पडेल, हे मी आताच स्पष्ट लिहून ठेवते. गोल मणी नीट जमायलाच त्याहून बराच अधिक काळ लागतो. पंधरा दिवसांचे पुढचे प्रशिक्षण आणि त्यानंतर कार्यशाळेत काम करण्याची मुभा असेल, तरच शिकलेल्याच्या हातात कसब राहील. योजनेची मुदत २०२७-२८ पर्यंत आहे, त्यामुळे शिफारस याच आर्थिक वर्षात गेली पाहिजे.

हे काम करणाऱ्यांची जिल्हावार माहिती जिल्हा उद्योग केंद्रांमार्फत मागवावी, अशी माझी पहिली विनंती आहे. तिच्याविना पुढचा कोणताही प्रस्ताव कागदावर उभा राहणार नाही. नोंदणीच्या अर्जाचा नमुना, कार्यशाळेच्या सुरक्षिततेच्या अटी आणि अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा मी व माझ्या काही सहकारी कारागिरांनी मिळून तयार केला आहे. आपल्या खात्याने वेळ दिल्यास आम्ही तो घेऊन येऊ, आणि हवे असल्यास ज्योत, कांड्या व भट्टी सोबत आणून अधिकाऱ्यांसमोर मणी घडवूनही दाखवू.

आपली नम्र,
एक काचमणी कारागीर
पुणे