फोटोतल्या नोट्स अंध पोरांना वाचता येत नाहीत

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या परभणीत माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, त्याला दिसत नाही. पण पोरगं सकाळी पळायला जातं, मित्रांसोबत सायकलवर मागं बसून गाव फिरतं, मोबाईलवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय) इतक्या स्पीडनं ऐकतं की आपल्याला एक शब्द कळत नाही. लोक मात्र अजूनबी "बिचारा" म्हणतात, ह्याचा मला लई राग येतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना दिसत नसताना त्या आयएएस झाल्या, 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला सब कलेक्टर म्हणून रुजू झाल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत अंध आणि कमी दिसणाऱ्यांना 1 टक्का जागा राखीव आहेत, परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो.

पण अभ्यास कशावर करायचा? क्लासवाले नोट्सचे फोटो काढून ग्रुपवर टाकतात, आणि फोटोतलं मराठी, त्यात हाताने लिहिलेलं असलं की मोबाईल नीट वाचूनच दाखवत नाही, मग घरातलं कुणीतरी बसून वाचून दाखवायचं, ते पण त्याला सवड असली तर. तेच युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलला वाचता येईल अशा मराठी अक्षरांत टाईप करून दिलं तर पोरगं कुणाचं तोंड न बघता रात्री 2 वाजता पण वाचतंय. एका अभ्यासिकेनं तर "जबाबदारी कोण घेणार" म्हणून सीटच दिली नाही, हे चुकीचंच आहे.

मराठवाड्यातल्या क्लासेसना आणि लायब्ऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, टाईप केलेल्या फाईल्स द्या आणि ह्या पोरांना बसायला जागा द्या.

आपला एक वाचक, परभणी