कॅसेट खराब नव्हती, काका

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

मिरजेच्या स्टँडजवळ तुमचं टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तुमचा पत्ता कुणालाच सांगता येईना, म्हणून आभार असे चारचौघांत.

तेव्हा मी अकरावीत. तुम्ही भरून दिलेली कॅसेट दुसऱ्याच दिवशी परत आणली आणि तावातावाने म्हणालो, "खराब निघाली, नुसती खरखर येते." तुम्ही वाद घातला नाहीत. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसलंत, पेन्सिलीने टेप मागे गुंडाळलीत. "आता मिनिटभर तोंड बंद."

पुन्हा तीच खरखर. कुणीतरी रेडिओचा काटा फिरवतंय, मध्येच बोलण्याचे तुकडे, वाद्यवृंदाचा एक झोत (तो चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीतला, हे फार नंतर कळलं). मग लांबून, ट्रान्झिस्टरमधून यावी तशी किरटी गिटार. "ऐक, आता पोरगा खोलीत बसलाय," तुम्ही म्हणालात. अगदी जवळ कुणीतरी खोकलं आणि दुसरी गिटार सुरू झाली. भरीव, कानाशी. रेडिओतल्या गिटारीला घरबसल्या साथ करणारी. ती गिटार वाजवणाऱ्या डेव्हिड गिलमोरने ती खरखर आपल्या गाडीतल्या रेडिओवरून मुद्दाम टेप केली होती, आणि मी पैसे परत मागत होतो!

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'विश यू वेअर हिअर' हे गाणं, 1975. माझं इंग्रजी यथातथाच. अर्थ विचारला तर तुम्ही सिड बॅरेटची गोष्ट सांगितलीत. बँडच्या सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची; मन बिघडत गेलं, 1968 मध्ये तो बाहेर पडला. याच नावाच्या अल्बमचं काम चालू असताना एक दिवस लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. सुटलेलं अंग, डोकं आणि भुवया भादरलेल्या. जुन्या सोबत्यांनी आधी ओळखलंच नाही.

"आपल्याकडे लग्नात म्हणतात ना, आज अण्णा हवे होते. तेवढंच आहे हे गाणं."

तेवढंच नाहीये, काका. त्यातले प्रश्न ते शब्द लिहिणारा, बँडमधलाच रॉजर वॉटर्स स्वतःलाही विचारतोय, असं मला आता वाटतं. पण तेव्हा तेवढं पुरलं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. तुम्हाला ते माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे, आणि सकाळच्या बातम्यांसाठी ते काटा फिरवायचे ती खरखरही थांबली होती.

त्या रात्री मी कॅसेट लावली. आई हात पुसत दारात आली. "स्टेशन लागत नाहीये का रे?" म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. मग आम्ही बाबांबद्दल बोललो. बराच वेळ.

2005 च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँडचे चौघे पुन्हा एका मंचावर आले. हे गाणं सुरू करताना वॉटर्सने सिडचं नाव घेतलं, तेव्हा मला तुमचं दुकान आठवलं, स्पिरिटच्या वासासकट.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्यातलं पॅड निखळलंय. कुठे दुकान थाटलं असेल तर कळवा, घेऊन येतो. या वेळी खरंच खराब आहे.

तुमचा,
अकरावीतला तक्रारखोर