गच्चीवरचा टोमॅटो अन् घरचं बी

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या लातुरात गच्चीवर बाग करणारे बरेच झालेत पण टोमॅटो लावायचा म्हणलं की सगळे हायब्रीडच आणतात. एकदा ब्रँडीवाईनसारखा जुना बीफस्टेक, म्हणजे मोठ्या गरदार फळाचा, वाण लावून बघा, एकेक फळ पाव-अर्धा किलोचं भरतं, कापलं की आत गरच गर, ज्वारीच्या भाकरीसोबत नुसतं मीठ लावून खावं. बी ऑगस्ट-सप्टेंबरातच टाका, पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात अन् आपल्याकडं तर ४० सहज होतो. काठी भक्कम लावा. सगळ्यात भारी म्हणजे बी घरीच धरता येतं, पिकल्या फळाचा गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवायचा, तळाशी बसलेलं बी धुवून सावलीत वाळवायचं. हायब्रीडचं बी धरलं तर भलतंच निघतं. तुमच्या पुरवणीत बियांच्या अदलाबदलीसाठी एक कोपरा द्याच.

एक वाचक, लातूर